तीस पुड्यांचा महिना

फेब्रुवारीच्या ७ तारखेला वस्त्यावस्त्यांतून रमाई जयंती साजरी होते. यंदाही झाली. आमच्या विहारात कार्यक्रमाची वेळ सायंकाळी सहाची होती, सुरू झाला पावणेआठला. कारण ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता त्या भगिनीच आलेल्या नव्हत्या. कुणाची भाजी चुलीवर होती, कुणाच्या नळाला तेव्हाच पाणी आले होते, कुणाची सासू दवाखान्यातून घरी यायची होती. त्या आल्या, वंदना झाली, आणि मग वक्त्यांनी तासभर रमाईंच्या त्यागावर भाषण केले. त्याग हा शब्द त्या तासात किती वेळा आला हे मी मोजले नाही, पण पुढे बसलेल्या बायकांचे डोळे घड्याळाकडे लागले होते हे मात्र पाहिले.

चळवळीत वीस-वीस वर्षे काम केलेली एक कार्यकर्ती नंतर भेटली. बोलता बोलता तिने सांगितले की हल्ली सकाळी डोळे उघडले की कामे अंगावर येतात. डबे, पाणी, धुणे, मुलीची फी, रेशनचे कार्ड, बचत गटाचा हप्ता, मोर्चाची वर्गणी. यातले एकही काम अवघड नाही. पण सगळी एकदम समोर उभी राहिली की कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाही, आणि मग नुसते बसून राहावेसे वाटते. रमाईंना हे कसे जमले असेल, असा तिचा प्रश्न होता. भाषणात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्याग म्हटले की प्रश्नच मिटतो. म्हणून रमाईंचे आयुष्य आज जरा वेगळ्या बाजूने, म्हणजे कामाच्या बाजूने पाहावे असे मनात आले.

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा. गाव दापोलीजवळचे वणंद. वडील भिकू धुत्रे हे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. ओझे उचलायचे, ठिकाणावर टाकायचे, पुन्हा फिरून यायचे. आई रुक्मिणी लवकर गेली आणि त्यानंतर वडीलही गेले. पोरक्या झालेल्या भावंडांना नातलगांनी मुंबईला भायखळ्याला आणले. ज्या वयात आजच्या मुली तिसरी-चौथीच्या वर्गात बसतात, त्या वयात या मुलीचे बोट धरून धाकटी भावंडे उभी होती. पाटी-पुस्तकाचा प्रश्नच आला नाही.

लग्न झाले तेही आठव्या-नवव्या वर्षी. भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यापार आटोपल्यावर, रात्री. मांडव नाही, कार्यालय नाही. एका बाजूला नवरदेवाकडची मंडळी, दुसऱ्या बाजूला नवरीकडची, बसायला बाजाराचे दगडी ओटे. पहाटे दुकानदार येण्याच्या आत सगळे आवरून जागा मोकळी करून द्यायची होती. अस्पृश्य सुभेदाराच्या मुलाच्या लग्नाला मुंबईसारख्या शहरात तेवढीच जागा मिळाली. नवरा मुलगा शाळेत शिकत होता.

पुढे हे कुटुंब परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहायला आले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन लहान खोल्या, ५० आणि ५१ नंबरच्या. सुमारे बावीस वर्षे आंबेडकर कुटुंब इथे राहिले. चाळीतला संसार कसा असतो हे आपल्यापैकी अनेकांना सांगावे लागणार नाही. सार्वजनिक नळ, सार्वजनिक संडास, बाहेर सामाईक गॅलरी. त्यात त्या दोनपैकी एका खोलीत पुस्तके आणि अभ्यास, म्हणजे स्वयंपाक, झोपणे, आजारपण, बाळंतपण, पाहुणा हे सगळे उरलेल्या जागेत. घरात माणसेही कमी नव्हती. दीर आनंदरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांचा मुलगा मुकुंद, रमाईंचा धाकटा भाऊ शंकर, स्वतःची मुले. यशवंतचा जन्म डिसेंबर १९१२ चा. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार रामजी गेले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. म्हणजे सहा-सात महिन्यांच्या आत घरातला कर्ता वडीलधारा माणूस गेला, पती सातासमुद्रापार गेला आणि कडेवर रांगते मूल राहिले. तेव्हा रमाईंचे वय पंधरा वर्षांचे होते.

बाबासाहेब ऑगस्ट १९१७ ला परतले. शिष्यवृत्तीतून पोटाला चिमटा घेऊन ते घरी पैसे पाठवत, पण ते किती पुरणार? सिडनहॅम कॉलेजात नोव्हेंबर १९१८ ला प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. आता बरे दिवस येतील असे कुणालाही वाटले असते. पण त्या पगारातला मोठा भाग लंडनच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी बाजूला पडत होता. रमाईंच्या हाती ठरलेली रक्कम येई आणि त्यात घर चालवायचे असे. जानेवारी १९२० ला मूकनायक निघाला, जुलैमध्ये बाबासाहेब पुन्हा बोटीवर चढले, ते परतले एप्रिल १९२३ ला. दोन प्रवास मिळून जवळपास सात वर्षे.

या सात वर्षांचा हिशेब कुणी मांडलेला नाही. बाबासाहेबांनी त्या काळात कोणते ग्रंथ वाचले, कोणत्या ग्रंथालयात किती तास बसले, कोणत्या प्रबंधाला कोणती पदवी मिळाली याची नोंद आहे आणि ती असायलाच हवी. परळच्या चाळीत त्याच काळात किती हंडे पाणी वर चढले याची नोंद कोण करणार? रमाई शेण गोळा करून गोवऱ्या थापत, बॅरिस्टराची बायको हे काम करते असे लोकांनी म्हणू नये म्हणून लोकांची नजर चुकवून जात, असे आपल्या घराघरांत सांगितले जाते. सांगणाऱ्याचा आवाज इथे नेहमी कातर होतो. मला मात्र या गोष्टीत दोन कामे दिसतात. एक गोवऱ्यांचे आणि दुसरे लपवण्याचे. गरिबी सोसणे वेगळे आणि गरिबी झाकत प्रतिष्ठा सांभाळणे वेगळे. दुसऱ्याला जास्त ताकद लागते, आणि नोकरदार झालेल्या आपल्या पिढीला ते चांगले ठाऊक आहे.

आता त्या पुड्यांकडे येतो. रमाईंच्या संसाराची ही गोष्ट चळवळीत सर्वांना तोंडपाठ आहे. घरखर्चाचे पैसे हातात आले की त्या त्यांच्या तीस पुड्या करीत. रोज एक पुडी उघडायची. त्या दिवसाचे तांदूळ, डाळ, मीठ, रॉकेल, सगळे त्या पुडीत. दुसऱ्या दिवसाच्या पुडीला हात लावायचा नाही.

काटकसरीचा नमुना म्हणून ही गोष्ट सांगितली जाते आणि तिथेच सोडली जाते. पण जरा विचार करा. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही, तिने हे का केले असेल? पुड्या बांधल्याने पैसे वाढत नाहीत. पन्नासचे साठ होत नाहीत. पण महिना ही गोष्ट कुणालाच उचलता येत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला शेवटच्या तारखेची चिंता सुरू झाली की पहिल्याच दिवशी माणूस थकतो. दिवस मात्र उचलता येतो. पुडी बांधणे म्हणजे एकोणतीस दिवसांच्या काळज्या गाठ मारून बाजूला ठेवणे. त्या संपत नाहीत, पण आजच्या ताटात येऊन बसत नाहीत. शिवाय ठरवण्याचे कामही एकदाच होते. रोज सकाळी आज किती खर्च करू, उद्याला पुरेल का, हा प्रश्न नव्याने सोडवावा लागत नाही. कामापेक्षा कामाचा विचार माणसाला अधिक दमवतो, हे ज्यांनी एकटीने घर चालवले आहे त्या बायका सांगतील.

मासळीची टोपली वाहणाऱ्या बापाच्या मुलीला हे कुठून सुचले? अख्खे गलबत कुणी डोक्यावर घेत नाही, एकेक टोपली घेतात. हा माझा तर्क झाला, तो पुरावा नव्हे.

पण या पुड्यांचे कौतुक करून थांबलो तर ती लबाडी होईल. एखाद्या पुडीच्या दिवशी मूल आजारी पडले तर? एखाद्या पुडीच्या दिवशी गावाहून चार कार्यकर्ते आले तर? आणि ते तर येतच. १९२३ ला वकिलीची सनद घेतल्यावर, १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर आणि १९२७ ला महाड झाल्यावर परळची ती चाळ म्हणजे साऱ्या महाराष्ट्रातल्या अस्पृश्यांचे पोहोचण्याचे ठिकाण झाली होती. आलेल्या माणसाला चहा-भाकरीशिवाय परत पाठवणे त्या घराला माहीत नव्हते. मग त्या दिवशीच्या पुडीतून कुणाचा वाटा कमी होत असेल? रमाई नेमाने उपास करीत, असे चरित्रांतून दिसते. देवधर्म, नवस, श्रद्धा ही कारणे होतीच, त्या काळची ती बाई होती. आपण आज त्याकडे चिकित्सेने पाहतो. पण मला राहून राहून वाटते की ज्या घरात तीस पुड्या मोजून बांधलेल्या असतात, त्या घरातल्या बाईचा उपास हा देवाइतकाच पुडीलाही उपयोगी पडत असला पाहिजे.

आणि काही गोष्टी कोणत्याच पुडीत मावत नाहीत. रमेश, गंगाधर, इंदू, राजरत्न अशी चार मुले एकामागून एक गेली. पाचांपैकी एकटा यशवंत राहिला. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. त्यानंतर बाबासाहेबांनी आपल्या एका स्नेह्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. एवढा खंबीर माणूस किती कोसळला होता हे त्या पत्रात दिसते. रमाईंचे असे पत्र नाही. दुसऱ्या दिवशीची पुडी त्यांनीच उघडली असणार, कारण उघडणारे दुसरे कोण होते?

ती वर्षे बाबासाहेबांच्याही आयुष्यातली कामाने ओसंडून वाहणारी होती. सकाळी कोर्ट, बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत शिकवणे, नंतर सरकारी लॉ कॉलेज, १९२७ पासून मुंबई विधिमंडळ, परळच्या दामोदर हॉलमधले कार्यालय, दौरे, सायमन कमिशनपुढची साक्ष. ३ एप्रिल १९२७ ला बहिष्कृत भारत निघाला. अंकाचे चोवीस चोवीस रकाने एकट्याने भरावे लागत. मदतनीस नाही, पैसा नाही. ही ओढाताण बाबासाहेबांनी स्वतःच त्या पत्रात वाचकांपुढे मांडली होती आणि समाजाला त्याच्या ऋणाची जाणीव करून दिली होती. थकवा आल्याचे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ते मला फार महत्त्वाचे वाटते. युगपुरुषाने माझ्या एकट्याच्याने हे होत नाही, मदतीला या असे म्हणावे, आणि आपल्या कार्यकर्त्यांच्या घरातल्या बाईने मात्र तसे म्हटले तर ती कुरकुर ठरावी, हा कुठला न्याय?

एकाच छताखाली दोन माणसे कामाखाली दबलेली होती. एकाच्या कामाचे खंडावर खंड महाराष्ट्र शासनाने छापले. दुसऱ्याचे काम रोज संध्याकाळी खाऊन संपत होते आणि सकाळी नव्याने उभे राहत होते. घरकामाचा स्वभावच तसा आहे. केले तर दिसत नाही, न केले तरच दिसते. पण चोवीस रकाने लिहिणाऱ्या माणसाला घासलेट किती उरले आहे याची चिंता करावी लागली असती तर ते रकाने भरले असते का? बाबासाहेबांना याची पूर्ण जाण होती. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा १९४० चा त्यांचा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला तो उगीच नव्हे.

रमाईंची प्रकृती मात्र खचत गेली होती. गोलमेज परिषदांच्या काळात, १९३० ते १९३२, बाबासाहेब पुन्हा पुन्हा परदेशी होते, आणि देशात त्यांच्या जिवाला धोका असल्याच्या बातम्या येत होत्या. हवापालटासाठी रमाईंना धारवाडला नेले. तिथल्या वसतिगृहातली मुले उपाशी आहेत असे कळल्यावर त्यांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्याची आठवण आजही सांगतात. विश्रांतीला गेलेल्या बाईने तिथेही चूलच पेटती ठेवली. पंढरपूरला जाण्याची त्यांची इच्छा होती. ज्या देवळाच्या आत आपल्याला घेत नाहीत तिथे जाऊन काय करायचे, आपण आपली वेगळी पंढरी उभी करू, अशा अर्थाची समजूत बाबासाहेबांनी घातली. त्यांची भूमिका रास्त होती. पण त्या आयुष्यात स्वतःसाठी मागितलेल्या ज्या थोड्या गोष्टी आपल्याला माहीत आहेत त्यातली ही एक, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. घरातून बाहेर पडून चार दिवस चंद्रभागेच्या काठी बसणे, एवढेच त्यातून हवे असेल तर कुणी सांगावे!

दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले आणि कुटुंब चाळीतून तिकडे गेले. ऐसपैस घर, स्वतःचे पाणी, ग्रंथांसाठी वेगळी जागा. पण तोवर बरेच उशीर झाले होते. २७ मे १९३५ ला राजगृहात रमाई गेल्या. वय ३७. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १३ ऑक्टोबरला, येवल्याची घोषणा झाली.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला एक धागा इथे जोडावासा वाटतो. बाळंतपणात कामगार स्त्रीला पगारी विश्रांती मिळावी यासाठी बाबासाहेब १९२८ लाच मुंबई विधिमंडळात उभे राहिले होते. नागपूरच्या जुलै १९४२ च्या महिला परिषदेत त्यांनी बायकोने नवऱ्याची दासी नव्हे तर मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे असे बजावले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना कारखान्यातले कामाचे तास कमी करण्याचे विधेयक त्यांनी आणले आणि १९४६ ला आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. हिंदू कोड बिलासाठी तर १९५१ ला मंत्रिपद सोडले. बाळंतपण, तास, मालमत्ता, बरोबरी. परळच्या त्या दोन खोल्यांत जे जे नव्हते त्याचीच ही यादी आहे की नाही ते वाचकांनीच पाहावे.

कारखान्याला ४८ तास मिळाले. चुलीला कोणता फॅक्टरी ॲक्ट लागू झाला? केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामे करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते असे दिसले, पुरुष ८८ मिनिटे. पावणेपाच तास आणि दीड तास. ही सर्व समाजांची मिळून आकडेवारी आहे, त्यात मनुवाद्यांची घरे आहेत तशी आपलीही आहेत. आपल्या घरात फोटो बाबासाहेबांचा आहे म्हणून आपले आकडे वेगळे असतील असे छातीठोकपणे कुणी सांगेल काय? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९८९ ला ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. चळवळीतल्या पुरुषांनी ते वाचलेच पाहिजे. त्यातल्या बायका सत्याग्रहाला गेल्या त्या घरची कामे टाकून नव्हे, उरकून गेल्या.

म्हणून त्या कार्यकर्तीला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली पुड्यांची. सगळी कामे डोक्यात ठेवू नको, कागदावर उतरव, त्यातली आजची वेगळी कर आणि बाकीच्यांना गाठ मार. हे रमाईंकडून घेण्यासारखे आहे, त्याला पैसे लागत नाहीत. दुसरी गोष्ट सांगताना मला अवघडल्यासारखे झाले, कारण ती मलाही लागू होती. रमाईंच्या तीसही पुड्या एकटीच उघडत होती, ते त्यांच्यावर आलेले संकट होते. ते आदर्श म्हणून लेकीसुनांच्या गळ्यात घालणे चूक आहे. त्यावेळी नवरा परदेशी होता, हा नवरा तर समोर खाटेवर बसून पेपर वाचतो आहे. कदाचित हाच पेपर.

तिने ऐकून घेतले आणि माझ्या घरी भांडी कोण घासते असे सरळ विचारले. मी खरे उत्तर दिले. ते इथे छापण्यासारखे नाही.

त्यानंतरच्या रविवारी विहाराच्या समितीची बैठक झाली. २७ मे च्या स्मृतिदिनाला भोजनदान असते आणि दरवर्षी शंभर-सव्वाशे माणसांचा स्वयंपाक बायकाच करतात. यंदा तो समितीच्या पुरुषांनी करायचा आणि बायकांनी पुढे बसून व्याख्यान ऐकायचे, असा ठराव तिने मांडला. थोडी हसाहशी झाली, एकाने भातात मीठ किती घालायचे ते विचारले, एकाने आचारी लावू म्हटले. तिने आचारी नाकारला. ठराव मंजूर झाला. भाजी चिरायला सात जणांनी नावे दिली आहेत, पोळ्यांना अजून कुणी तयार नाही. बहुधा पुरीभाजीऐवजी खिचडीवर यावे लागेल. मोठे पातेले कुणाकडून आणायचे हे पुढच्या बैठकीत ठरेल.